डीजीला बाहेरच्या टाकीतून डिझेल कसं द्यायचं: टाकी, पाईप, पंप आणि नागपूरचा उन्हाळा

डीजी सेटच्या, म्हणजे डिझेल जनरेटरच्या, खाली कंपनीकडून जी टाकी येते ती साधारण आठ-दहा तासांच्या हिशोबानं दिलेली असते आणि बहुतेक वेळा तेवढी पुरतेसुद्धा. पंचाईत होते मेच्या शेवटी नाहीतर जूनच्या सुरुवातीला, वादळ येतं, झाड लाईनवर पडतं, आणि संध्याकाळी गेलेली लाईट दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत यायचं नाव घेत नाही. मग रात्री कोणीतरी कॅन घेऊन पंपावर पळतो आणि गरम इंजिनच्या बाजूला उभा राहून मोबाईलच्या उजेडात फनेलनं डिझेल ओतत बसतो. धंतोली-रामदासपेठची हॉस्पिटलं म्हणा, हिंगणा-बुटीबोरीचे कारखाने म्हणा, वर्धा रोडच्या मोठ्या सोसायट्या म्हणा, सगळीकडे हेच. याच्यावर उपाय म्हणजे बाहेर मोठी टाकी ठेवून तिथून फीड द्यायचा. काम दिसायला सोपं आहे, टाकी आणा, पाईप जोडा, दोन व्हॉल्व टाका, झालं. म्हणूनच लोक ते पाण्याच्या टाकीसारखं करून टाकतात आणि पुढं जे काय व्हायचं ते तिथूनच सुरू होतं.

पूर्ण कामात प्रत्येक पायरीला एक प्रश्न विचारत राहा: सगळं बंद आहे, रात्र आहे, जवळ कोणी नाही, अशा वेळी हे डिझेल स्वतःहून कुठं जाईल? याचं उत्तर "आहे तिथंच राहील" असं येत नसेल तर ते डिझाईन अजून झालेलं नाही, भले डीजी छान चालत असो.

आधी हिशोब, मग टाकी

किती डिझेल लागेल ते काढणं सोपं आहे. डिझेल सेटला विजेच्या एका युनिटमागे २५० ते ३०० मिली डिझेल लागतं असं धरा, लोड कमी असेल तर युनिटमागे थोडं जास्तच. १२५ केव्हीएचा सेट म्हणजे ०.८ पॉवर फॅक्टरला १०० किलोवॅट, तो पाऊण लोडवर चालला की ७५ किलोवॅट, म्हणजे तासाला साधारण २० लिटर. सेटखालची, म्हणजे आतली टाकी दोन-अडीचशे लिटरची असेल तर दहा-बारा तास. बाहेर ९९० लिटरची टाकी ठेवली, त्यातलं वरचं आणि तळाचं मिळून दहा टक्के सोडलं, तर ८९० लिटर वापरायला मिळतं, म्हणजे अजून ४४ तास. हा आकडा पहिले काढा कारण पुष्कळदा असं दिसतं की मागणी दोन हजार लिटरची असते आणि गरज पाचशेची. जास्त डिझेल साठवणं ही काही श्रीमंती नाही, ते पडून खराब होतं.

९९० हा आकडा मी मुद्दाम घेतला. पेट्रोलियम कायदा १९३४ प्रमाणे डिझेल हे क्लास बी मधे येतं (फ्लॅश पॉइंट, म्हणजे ज्या तापमानाला वाफ ठिणगीनं पेटू शकते तो, २३ ते ६५ डिग्रीच्या मधलं), आणि क्लास बी चा एका जागेवरचा एकूण साठा २५०० लिटरच्या वर जात नसेल आणि त्यातलं कुठलंही भांडं १००० लिटरपेक्षा मोठं नसेल तर लायसन्स लागत नाही. दोन्ही अटी एकत्र पाळायच्या आहेत, हे लोक विसरतात. १५०० लिटरची एकच टाकी बसवली तर साठा २५०० च्या आत असूनही तुम्ही अटीच्या बाहेर गेलात. आणि "एका जागेवर" म्हणजे मागं ठेवलेली बॅरल, कोपऱ्यातले कॅन सगळं धरून, मी तर सेटच्या आतली टाकीसुद्धा मोजायला सांगतो, हात राखून राहिलेलं बरं. याच्या वर जायचं असेल तर पेसोकडे (पेट्रोलियम आणि स्फोटकांवर देखरेख करणारी केंद्र सरकारची संस्था) ड्रॉइंग, मंजुरी, लायसन्स असा रीतसर रस्ता आहे. नागपूरकरांचं एक बरं आहे, पेसोचं मुख्यालयच आपल्या सेमिनरी हिल्सवर सीजीओ कॉम्प्लेक्समधे आहे. बिल्डिंगला फायरची एनओसी असेल तर टाकीची जागा त्या नकाशात दाखवून घ्या, नंतर दाखवायला गेलं की जास्त त्रास होतो.

जोडायच्या पद्धती, आणि त्यातली कोणती

पहिली पद्धत, इंजिन थेट बाहेरच्या टाकीतून डिझेल ओढतं, आतली टाकी वापरातच नाही. दुसरी, आतली टाकी तशीच ठेवायची, इंजिन तिथूनच पिणार, आणि बाहेरच्या टाकीतून पंपानं आतली टाकी भरत राहायची. तिसरी, बाहेरची टाकी उंचावर ठेवून उतारानं आतली टाकी भरायची, पंपच नको. चौथी म्हणजे व्हॉल्व फिरवून कधी आतल्या कधी बाहेरच्या टाकीवर इंजिन चालवायचं.

माझं मत सरळ आहे, दहापैकी आठ ठिकाणी दुसरी पद्धत घ्या. कारण इंजिन कंपनीनं सक्शन (डिझेल ओढणारी लाईन), रिटर्न (उरलेलं परत सोडणारी लाईन), उंची हे सगळं आतल्या टाकीच्या हिशोबानं बसवलेलं आहे, त्याला हातच लावायचा नाही, तुम्ही फक्त कॅनवाल्या माणसाच्या जागी पंप आणताय. उद्या पंप बिघडला तरी आतल्या टाकीचे काही तास हातात असतात. जुलै २०२३ पासून जे सीपीसीबी चार-प्लस या प्रदूषण नियमाचे सेट यायला लागले त्यातली इंजिनं बहुतेक इलेक्ट्रॉनिक कॉमन रेलवाली, त्यांच्या इंधन लाईनीत स्वतःच्या मनानं छेडछाड केली की वॉरंटीचं काय होईल ते तुम्हीच ओळखा.

पहिली पद्धत तेव्हाच, जेव्हा टाकी सेटच्या अगदी बाजूला आणि जवळपास त्याच लेव्हलला बसते. तिसरी पद्धत स्वस्त आहे म्हणून लोकांना फार आवडते, मला नाही आवडत, का ते पुढं येतंच.

उंची: इथंच सगळ्यात जास्त गडबड होते

समजा टाकी बेसमेंटमधे आहे आणि सेट वर ग्राउंडला. इंजिनच्या फीड पंपाला डिझेल वर ओढावं लागतं. डिझेलचा एक मीटर उंचीचा कॉलम म्हणजे साधारण ६१ मिलिमीटर पाऱ्याएवढा दाब. पुष्कळ इंजिनांना फिल्टर नवा असताना सक्शनची मर्यादा शंभरेक मिलिमीटर पाऱ्याची दिलेली असते (तुमच्या इंजिनचा आकडा मॅन्युअलमधे बघा, तोच खरा). म्हणजे दोन मीटर खाली टाकी ठेवली की १२२ झाले, पाईपचं घर्षण, एल्बो, फिल्टर अजून धरलेच नाहीत आणि तुम्ही मर्यादेच्या बाहेर. असा सेट सकाळी रिकामा चालवून बघितला तर मस्त चालतो, लोड टाकला की दम तोडतो, आणि मेकॅनिक इंजेक्टर काढून बसतो. इंजेक्टरचा काही दोष नसतो.

आता उलटं. टाकी स्लॅबवर किंवा उंच स्टँडवर आणि सेट खाली. इथं डिझेल स्वतःच्या वजनानं खाली येतं, इंजिन बंद असलं तरी येतच राहतं. फीड पंपाच्या सीलमधून, इंजेक्टरमधून, जिथं वाट मिळेल तिथून ते झिरपतं आणि सिलिंडरमधे नाहीतर ऑइल संपमधे उतरतं. ऑइलच्या डिपस्टिकवर लेव्हल वाढलेली दिसते, काही लोक खुश होतात की ऑइल कमी होत नाही! पातळ झालेल्या ऑइलनं बेअरिंग जातात, आणि सिलिंडरमधे डिझेल साचलेलं असताना एएमएफनं (लाईट गेली की सेट आपोआप चालू करणारं पॅनल) ऑटो स्टार्ट मारला तर कनेक्टिंग रॉड वाकू शकतो. म्हणून ज्या टाकीतून इंजिन थेट पितं त्या टाकीतली जास्तीत जास्त लेव्हल इंजिनच्या इंजेक्टरच्या खालीच राहिली पाहिजे. रिटर्नच्या बाजूलाही मर्यादा असते, टाकी उंच असेल तर रिटर्नला वर चढावं लागतं आणि इंजिनवर उलटा दाब येतो.

तिसरी पद्धत मला नको वाटते ती यामुळंच. उतारावरच्या टाकीतून आतल्या टाकीत फ्लोट व्हॉल्ववर डिझेल सोडलं आणि त्या फ्लोटमधे एक कचऱ्याचा कण अडकला, तर रात्रीतून वरची पूर्ण टाकी खाली येणार, आतली भरून वाहणार, कॅनोपीत, म्हणजे सेटच्या पत्र्याच्या पेटीत, डिझेल साचणार. पाण्याच्या टाकीचा फ्लोट खराब झाला तर अंगण ओलं होतं, इथं तेवढ्यावर भागत नाही.

आणि एक सायफन. कूलर खाली करताना आपण नळी तोंडानं ओढून खाली सोडतो आणि मग पाणी आपोआप येत राहतं, तेच इथं होतं. पाईप टाकीच्या वरून काढला म्हणजे सुरक्षित असं नाही, टाकीची लेव्हल जर दुसऱ्या टोकापेक्षा उंच असेल आणि पाईप एकदा भरला असेल तर पंप बंद झाला तरी प्रवाह चालू राहतो. त्यामुळं बाहेरची टाकी उंच असेल तर टाकीच्या जवळ अँटी-सायफन व्हॉल्व, आणि सेटच्या बाजूला नॉर्मली क्लोज्ड सोलेनॉइड, म्हणजे करंट गेला की बंद होणारा विजेवरचा व्हॉल्व, दोन्ही टाका.

रिटर्न लाईन विसरू नका

पेट्रोलच्या गाडीवरून अंदाज बांधणाऱ्यांना हे माहीत नसतं. डिझेल इंजिन जेवढं जाळतं त्यापेक्षा जास्त डिझेल ओढतं, उरलेलं पंप आणि इंजेक्टरला थंड करून, गरम होऊन, टाकीत परत येतं. काही इंजिनांत हे परतीचं डिझेल जळणाऱ्याच्या कितीतरी पट असतं. थेट जोडणी करणाऱ्यानं फीड बाहेरच्या टाकीतून घेतली आणि रिटर्न तशीच आतल्या टाकीत सोडली की काय होईल? बाहेरची टाकी रिकामी होते, आतली भरत भरत ओव्हरफ्लो होते. चौथ्या पद्धतीत, म्हणजे व्हॉल्व फिरवून टाकी बदलण्यात, हाच घोळ होतो, माणूस फीडचा व्हॉल्व फिरवतो आणि रिटर्नचा विसरतो. बदलायचीच असेल तर फीड आणि रिटर्न एकाच हँडलनं एकदम फिरणारा सहा-पोर्टचा व्हॉल्व घ्या, दोन वेगळे थ्री-वे व्हॉल्व टाकून त्यावर चिठ्ठी चिकटवणं हा उपाय नाही.

रिटर्न लाईनवर बंद करता येईल असा व्हॉल्व कधीही टाकू नका. कोणीतरी कधीतरी तो बंद करेल आणि इंजिनची सील फुटतील. रिटर्न टाकीत सक्शनपासून निदान एक फूट लांब, जमलं तर टाकीच्या दुसऱ्या टोकाला सोडा, नाहीतर तेच गरम आणि फेसाळलेलं डिझेल लगेच पुन्हा सक्शनमधे जातं. टाकीच्या मधे भोकं असलेला एक पडदा वेल्ड करून घेतला तर अजून चांगलं.

टाकी बनवून घेताना

इतवारीत लोहाओळीला किंवा एमआयडीसीत कुठल्याही फॅब्रिकेटरकडे एमएसची (साध्या लोखंडी पत्र्याची) टाकी बनते, पण त्याला पाण्याची टाकी बनवायची सवय असते म्हणून काही गोष्टी लिहून द्या. पत्रा ३ मिमीपेक्षा पातळ नको आणि मोठ्या बाजूला पट्ट्या हव्यात नाहीतर पोट सुटतं. तळ एका बाजूला थोडा उतरता, आणि सगळ्यात खालच्या कोपऱ्यात ड्रेन, त्याला प्लगसुद्धा, फक्त व्हॉल्ववर भरवसा नको. सक्शन पाईप वरून आत येईल आणि तळापासून दोनेक इंच वर थांबेल, म्हणजे तळाचं पाणी आणि गाळ ओढला जाणार नाही. खालून भोक पाडून सक्शन काढलं तर काम सोपं होतं हे खरं, पण तो जोड गळला की अख्खी टाकी रिकामी होते, आपला तो प्रश्न आठवा.

वर हाताएवढं नाही तर माणसाचा खांदा आत जाईल एवढं मॅनहोल, कॉर्क किंवा नायट्राइल गॅस्केट, साधं रबर डिझेलमधे फुगतं. भरायचं तोंड कुलुपाचं. लेव्हल बघायला प्लास्टिकची पारदर्शक नळी लावू नका, उन्हानं ती कडक होऊन तडकते, त्यापेक्षा डिपरॉड किंवा मॅग्नेटिक गेज. व्हेंट पाईप, म्हणजे टाकीत हवा जाण्या-येण्याचा, मोकळ्या हवेत, उंच, तोंड खाली वळवलेलं, जाळी बसवलेली, आणि भरायच्या पाईपाइतकाच मोठा असला तर उत्तम. व्हेंट बुजला तर टाकीत व्हॅक्यूम तयार होतो, पंप ओढू शकत नाही. कुंभारीण माशीनं व्हेंटमधे मातीचं घर केलेलं असलं तरी हेच होतं, आणि हे शोधायला अर्धा दिवस जातो.

आतून गॅल्व्हनाइज करू नका, आतून ऑइल पेंटही नको, आतून कोरं लोखंड आणि डिझेल यांचं छान जमतं. बाहेरून प्रायमर आणि पांढरा रंग. ताब्यात घेण्याआधी टाकी पाण्यानं काठोकाठ भरून एक दिवस ठेवून द्या, जोडांवर ओल येते का बघा, मग पूर्ण वाळवून, पुसून, आत थोडं डिझेल फिरवून घ्या.

पाईप आणि फिटिंग

प्लंबरला सांगितलं की तो जीआय पाईप घेऊन येतो, हात जोडून परत पाठवा. जीआयवर जस्त असतं, जस्त आणि डिझेल यांचं हळूहळू साबणासारखं चिकट काहीतरी तयार होतं आणि ते फिल्टर आणि इंजेक्टरमधे जाऊन बसतं. पितळी फिटिंग आणि लांब तांब्याची लाईनही टाळा, तांब्यामुळं डिझेल लवकर खराब होतं. पीव्हीसी, सीपीव्हीसीचा तर प्रश्नच नाही. काळा एमएस सीमलेस पाईप, शक्य तिथं वेल्ड जोड, उघडावं लागेल तिथं फ्लँज किंवा युनियन. थ्रेडवर सफेदा-सुतळी नको, टेफ्लॉन टेपसुद्धा नको कारण तिचे तुकडे सुटून पंपात जातात, डिझेल चालणारा लिक्विड सीलंट मिळतो तो लावा.

साइझचा साधा नियम, इंजिनच्या किंवा पंपाच्या पोर्टपेक्षा एक साइझ मोठा पाईप, लांबी जास्त असेल तर अजून एक. पाईप एकसारख्या चढानं न्या, मधे उंटासारखी कमान केली की तिथं हवा साचते. सेटपाशी शेवटी दीड-दोन फुटाचा ब्रेडेड डिझेल होज, कारण सेट हलतो आणि भिंतीवरचा पाईप हलत नाही. होज एक्झॉस्टपासून लांब. टाकीतून बाहेर पडल्यावर लगेच बॉल व्हॉल्व, स्ट्रेनर, मग वॉटर सेपरेटरवाला फिल्टर, हे कोणी विसरत नाही पण ते अशा जागी लावतात की वाटी उघडून पाणी सोडायला हातच जात नाही.

पंप, फ्लोट आणि करंट कुठून

इथं जरा सावकाश वाचा. दुसऱ्या पद्धतीचा जीव या भागात आहे.

तासाला २० लिटर जळतं तर मिनिटाला १० ते २० लिटरचा छोटा गिअर पंप भरपूर झाला. मोठा पंप घेऊ नका, मोठा पंप म्हणजे बिघाड झाल्यावर मोठा सांडवा. पंप बाहेरच्या टाकीपाशी ठेवा, पंपाला ढकलायला सोपं जातं, ओढायला नाही. मोटर फ्लेमप्रूफ, स्टार्टर टाकीच्या कठड्याच्या बाहेर. बाजूला बायपासवर एक हातपंप.

आतल्या टाकीत चार लेव्हल ठरवा. अर्ध्यापेक्षा थोडं वर असताना पंप सुरू, ८५ टक्क्यांला बंद. ९५ टक्क्यांला हाय अलार्म, आणि हा फक्त घंटी वाजवणारा नको, त्यानं पंपाचा कॉन्टॅक्टर आणि सोलेनॉइड दोन्ही तोडले पाहिजेत, आणि तो वेगळ्या फ्लोटवर वेगळ्या वायरनं हवा. बंद करणारा फ्लोट अडकला म्हणूनच तर टाकी ९५ ला पोचली, त्याच फ्लोटवर दुसरा अलार्म टाकून काय फायदा? चौथा लो अलार्म एक तृतीयांशला, म्हणजे पंप चालला नाही तर माणसाला हातात दोन-तीन तास मिळतात.

याशिवाय ओव्हरफ्लो लाईन. आतल्या टाकीच्या वरच्या भागातून बाहेरच्या टाकीकडे उतारानं जाणारी, भरणाऱ्या पाईपपेक्षा मोठी, मिनिटाला २० लिटरच्या पंपाला दीड इंची बिनधास्त. बाहेरची टाकी वर असेल तर ओव्हरफ्लो परत चढणार नाही, मग आतल्या टाकीखाली ट्रे आणि ट्रेमधे लीक सेन्सर, तोही पंप तोडणारा.

आता सगळ्यात गंमतीचा भाग. पंपाला करंट कुठून दिलाय? इलेक्ट्रिशियन जवळचा डीबी (विजेचा डिस्ट्रिब्युशन बोर्ड) बघतो आणि तिथून फेज घेतो. तो डीबी जर फक्त महावितरणच्या सप्लायवर असेल तर लाईट असताना पंप सुंदर चालणार आणि लाईट गेल्यावर, म्हणजे ज्यासाठी एवढा खटाटोप केला नेमकं तेव्हा, पंप मेलेला असणार. टेस्टिंग नेहमी लाईट असताना होतं म्हणून हे कोणाच्या लक्षात येत नाही. पंप आणि त्याचं कंट्रोल डीजीवरच्या फीडरवरच पाहिजे, मोठ्या हॉस्पिटलात तर मी बॅटरीवर चालणारा दुसरा डीसी पंपही ठेवायला सांगीन.

जागा आणि आग

"डिझेल काही पेटत नाही" हे वाक्य नागपुरात तरी कोणी बोलू नये. आपल्याकडच्या साध्या हाय-स्पीड डिझेलचा फ्लॅश पॉइंट स्टँडर्डप्रमाणे किमान ३५ डिग्री असला की चालतो. २३ मे २०१३ ला आपल्याकडे सावलीतलं तापमान ४७.९ होतं, आणि नवतपात ४५ तर बहुतेक वर्षांचंच. उन्हात तापलेल्या टाकीच्या मॅनहोलपाशी ठिणगी चालणार नाही, थंडीत निभावून गेलेली सवय मेमधे निभेलच असं नाही.

टाकीभोवती पक्का कठडा, आत टाकीच्या ११० टक्के डिझेल मावेल एवढा, ९९० लिटरला साधारण १०९० लिटर, म्हणजे आतून २ बाय १.६ मीटर आणि ३५ सेंटिमीटर उंच केला तरी झालं. कठड्याचा ड्रेन व्हॉल्व कायम बंद, पावसाचं पाणी बघून सोडायचं, वर तवंग असेल तर नालीत सोडायचं नाही. टाकीवर शेड, टाकी आणि पाईपला अर्थिंग, टँकरनं भरताना टँकर आणि टाकी वायरनं जोडून. वाळूच्या बादल्या आणि फोम किंवा डीसीपी (कोरड्या पावडरचे) सिलिंडर कठड्याच्या बाहेर, आत नाही, आग लागल्यावर आत कोण जाणार.

सेटच्या वर फ्युजिबल लिंकवाला फायर व्हॉल्व लावला तर गरमीनं लिंक वितळते आणि फीड लाईन आपोआप बंद होते. फक्त लिंकचं रेटिंग बघून घ्या, मेमधे कॅनोपीच्या आत ६० च्या वर सहज जातं, ६८ ची लिंक तिथं फार जवळ पडते.

पहिल्यांदा चालू करताना

जोडण्याआधी पाईपमधून थोडं डिझेल बादलीत सोडून लाईन धुवा, वेल्डिंगची खपली हमखास निघते. मग हातपंपानं भरा, प्रत्येक जोडावर सुकं फडकं फिरवा. थेट जोडणी असेल तर हवा काढा, आणि सक्शनमधे थोड्या वेळापुरती पारदर्शक नळी टाकून बुडबुडे येतात का बघा, बघून झाली की नळी काढून टाका, तिथंच ठेवून देऊ नका. नंतर सेट लोडवर तासभर तरी चालवा, रिकामा नको.

त्यानंतर मुद्दाम खोड्या काढा. बंद करणारा फ्लोट हातानं खाली धरून ठेवा, ९५ वाला पंप तोडतो का. मेन स्विच पाडा आणि डीजीवर पंप येतो का. पंप बंद केल्यावर दहा मिनिटं थांबून आतली लेव्हल बघा, वाढत असेल तर सायफन आहे. रात्रभर तसंच सोडून सकाळी इंजिन ऑइलची डिपस्टिक बघा.

उन्हाळा, पावसाळा

डिझेल तापलं की फुगतं. ९९० लिटर डिझेल २५ वरून ४५ डिग्रीला गेलं तर साधारण १६ लिटर वाढतं, म्हणून काठोकाठ भरायचं नाही, पाच टक्के जागा सोडायचीच. मेमधे भरणी सकाळी लवकर घ्या. आतली टाकी तळाला आलेली असताना भर दुपारी सेट चालवत राहिलं तर तेच थोडं डिझेल रिटर्नमधून फिरून फिरून तापतं, इंजिनची पॉवर पडते, त्यामुळं उन्हाळ्यात पंप सुरू व्हायची लेव्हल थोडी वर घ्या.

पावसाळ्यात पाणी. अर्धी रिकामी टाकी, दमट हवा, रात्रीचा गारवा, आतल्या पत्र्याला दव येतं आणि तळाशी साचतं. पाणी आणि डिझेलच्या मधल्या थरात बुरशीसारखा काळा चिकटा वाढतो, तो फिल्टर चोक करतो. जून ते सप्टेंबर दर आठवड्याला ड्रेनमधून ग्लासभर काढून बघा, डिपरॉडला वॉटर पेस्ट लावली तर रंग बदलून लगेच कळतं. साठा सहा महिन्यांत फिरला पाहिजे, एक वर्ष पडलेलं डिझेल इमर्जन्सीच्या भरवशावर ठेवू नका.

नंतरच्या कटकटी

सेट सुरू होऊन काही मिनिटांनी बंद पडतो आणि थोडं थांबलं की परत चालतो, आधी व्हेंट बघा. रोज सकाळी पहिला स्टार्ट उशिरा लागतो, सक्शनचा एनआरव्ही (डिझेल उलटं जाऊ न देणारा व्हॉल्व) गळतोय किंवा कुठंतरी हवा ओढतेय, आणि हवा ओढणारा जोड बाहेर गळत नाही म्हणून दिसत नाही, वॉटर सेपरेटरच्या ओ-रिंगपासून सुरुवात करा. ऑइलची लेव्हल वाढतेय, सेट बंद ठेवा आणि उंचीचा भाग परत वाचा. फिल्टर महिन्या-दीड महिन्यातच चोक होतोय, तळाचं पाणी, नाहीतर कोणीतरी मधे जीआयचा तुकडा घुसवलाय. सेट नवीन असेल आणि कॅनोपीत डिझेलचा वास येत असेल तर रिटर्नचे बंजो बोल्ट आणि त्यांचे कॉपर वॉशर, एकदा वापरलेला वॉशर परत लावला की तो बसत नाही.

आणि टाकीलाच गळती लागली तर ती रिकामी करून लगेच वेल्डरसमोर ठेवायची नाही. रिकाम्या टाकीत वाफ असते आणि वाफच फुटते. पूर्ण उपसून, गाळ काढून, धुवून, वाफाऱ्यानं साफ करून, गॅस डिटेक्टरनं तपासल्यावरच वेल्डिंग, आणि ते करणारा माणूस या कामातला असेल तरच. ९९० लिटरची नवी टाकी बनवणं त्यापेक्षा पुष्कळदा सोपं पडतं.